नीडलला हात लावायच्या आधी: नायट्रो गाडीवाल्यांचे प्रश्न

मागच्या अंकात रिमोटवर पळणाऱ्या मॉडेल गाड्यांच्या मॉडिफाइड नायट्रो इंजिनांवर (मिथेनॉलमध्ये नायट्रोमिथेन मिसळलेल्या फ्युएलवर चालणारी) थोडं लिहिलं होतं, त्यावर बेळगाव, खानापूर, निपाणी, हुक्केरी असे सगळीकडून प्रश्न आलेत आणि बरेचसे एकाच वळणाचे, की दादा नीडल किती टर्न उघडी ठेवू. नीडल म्हणजे कार्बुरेटरमधला फ्युएल कमी-जास्त करणारा स्क्रू. टर्नचा आकडा मी कुणालाच देणार नाही, कारण एकाच कंपनीच्या दोन सारख्या इंजिनांना सुद्धा तोच आकडा चालत नाही, आणि मॉडिफाइड असेल तर विचारूच नका. नीडल फिरवायच्या आधी बघायच्या गोष्टी खूप आहेत. त्या आधी बघूया.

प्रश्न (टिळकवाडी, बेळगाव): दादा, माझी १/८ मापाची बग्गी आहे, .२१ (क्युबिक इंच) चं मॉडिफाइड इंजिन सेकंडहॅन्ड घेतलंय. सकाळी ट्यून केलं की मस्त पळते, तासाभरात परत बिघडतंय. ब्रेक मारला की आयडल वरच अडकून बसतंय, लवकर खाली येत नाही. टाकी अर्धी झाली की अजून वाईट. हाय नीडल किती ठेवू?

उत्तर: तुम्ही जी तीन लक्षणं लिहिलीत ना, ट्यून टिकत नाही, आयडल वर लटकतंय, टाकी उतरली की बिघडतंय, ती तिन्ही मिळून मला एकच सांगतात की कुठूनतरी हवा लीक आहे. हे टू-स्ट्रोक इंजिन, खालच्या क्रँककेसमध्ये हवा आणि फ्युएल ओढून घेतं आणि मग वर ढकलतं, त्यामुळे कार्बुरेटर सोडून दुसऱ्या कुठल्याही फटीतून हवा आत गेली की मिक्स्चर लीन होतं, म्हणजे हवेच्या मानाने फ्युएल कमी पडतं, आणि ते तुमच्या नीडलला कळतच नाही. तुम्ही नीडल उघडून भरपाई करता, मग इंजिन तापतं, फट बदलते, परत बिघडतं.

बघायच्या जागा सांगतो. कार्बुरेटर जिथं क्रँककेसमध्ये बसतो तिथली ओ-रिंग आणि पिंच बोल्ट, मागची बॅकप्लेट, फ्रंट बेअरिंग, मॅनिफोल्डचं गॅस्केट, नीडलच्या ओ-रिंगा, आणि फ्युएल ट्यूब, जी वरून चांगली दिसते पण निपलच्या टोकाला बारीक चिरलेली असते. टाकीचं झाकण वेगळं बघा. एक्झॉस्ट पाइपातून येणाऱ्या प्रेशरवर फ्युएल पुढे ढकललं जातं, झाकणाचं रबर कडक झालं असेल तर प्रेशर निघून जातं आणि टाकी उतरेल तसं इंजिन लीन होत जातं, हे तुमच्या तिसऱ्या लक्षणाला बरोबर बसतंय.

टेस्ट सोपी आहे. इंजिन गाडीतून काढा, एक्झॉस्ट रबराने घट्ट बंद करा, कार्बुरेटरचं तोंड बंद करा, फ्युएल निपलला नवी ट्यूब लावून बादलीत बुडवा आणि ट्यूबमधून हवा द्या, पण तोंडाने फुंकायचं नाही, मोठी सिरिंज लावा, आत राहिलेलं मिथेनॉल तोंडात जायला नको. बुडबुडे कुठून येतात बघा. फ्रंट बेअरिंगमधून एखाद-दुसरा आला तर चालवून घेता येतं, धार लागली तर बेअरिंग बदलायचं. पाण्यातून काढल्यावर लगेच वाळवून आफ्टर-रन ऑइल (इंजिन बंद ठेवताना आत घालायचं तेल) घालायचं, नाहीतर मागच्या बेअरिंगला गंज धरेल.

सगळं सील झालं की मग नीडल. इंजिन नीट गरम झाल्यावरच, आणि आधी हाय (पूर्ण वेगाची), मग लो (कमी वेगाची), मग आयडल स्क्रू, शेवटी परत हाय. एका वेळी घड्याळातला एक तास, म्हणजे टर्नचा बारावा भाग, त्याच्यावर नाही. प्रत्येक बदलानंतर दोन-तीन लॅप पूर्ण थ्रॉटलवर गाडी पळवून बघायची, स्टँडवर हवेत चाकं फिरवून केलेलं ट्यूनिंग काही कामाचं नाही. सरळीच्या शेवटपर्यंत निळसर धुराची रेघ दिसलीच पाहिजे. धूर गेला आणि आवाज कोरडा, चिरका झाला की थांबा. लो नीडलसाठी आयडलवर ट्यूब कार्बुरेटरजवळ चिमटीत धरा, तीन-चार सेकंदांनी आवाज जरासा चढून इंजिन बंद पडलं तर बरोबर, लगेच पडलं तर लीन, बराच वेळ चढतच राहिलं तर रिच, म्हणजे फ्युएल जास्त. टेंपरेचर गन सगळ्यात शेवटी. प्लगजवळ साधारण १०५ ते १२५ डिग्री सेल्सिअस बऱ्याच इंजिनांना मानवतं, पण १२५ दिसलं म्हणून घाबरून रिच करायचं आणि १०० दिसलं म्हणून लीन करायचं असं करू नका. क्लच घासत असेल, ब्रेक धरून राहिला असेल, डिफरन्शिअल जड झालं असेल, बॉडीला हवेची खिडकी नसेल, तरी आकडा चढतो आणि त्यात नीडलचा काही दोष नसतो.

प्रश्न (हिंदवाडी, बेळगाव): नवीन इंजिन आलंय पण पिस्टन वर गेला की फ्लायव्हील हलतच नाही, पुल-स्टार्टची दोरी तुटेल असं वाटतंय. डिफेक्टिव्ह आलं काय?

उत्तर: नाही, उलट चांगलं इंजिन आलंय. या इंजिनांना पिस्टन रिंग नसते. ॲल्युमिनियमचा पिस्टन, पितळेची स्लीव्ह (पिस्टन जिच्यात वर-खाली होतो ती नळी) आणि तिच्यावर आतून क्रोम, म्हणून एबीसी म्हणतात. स्लीव्ह वरच्या बाजूला किंचित निमुळती असते, त्यामुळे थंड असताना पिस्टन टीडीसीला, म्हणजे सगळ्यात वरच्या जागी, अडकतो, त्यालाच पिंच म्हणतात. गरम झाल्यावर स्लीव्ह वरच्या भागात जास्त फुगते आणि फट बरोबर होते. म्हणून थंड इंजिन दोरी ओढओढून चालू करायचं नाही, कनेक्टिंग रॉड आणि क्रँकपिनवर सगळा मार बसतो. हेअर ड्रायर किंवा हीट गनने हेड हाताला सोसवणार नाही इतकं गरम करा आणि मग चालू करा. ब्रेक-इन (नव्या इंजिनाच्या पहिल्या काही टाक्या सांभाळून चालवणं) सुद्धा गरमच करायचं, पुस्तकात दिलंय त्यापेक्षा थोडं रिच चालेल, पण थंड आणि अती रिच ठेवून टाकीमागून टाकी आयडलवर जाळत बसू नका, थंड स्लीव्हमध्ये पिस्टनचा वरचा काठ झिजतो आणि पिंच तिथंच संपतो. मधे मधे बंद करून पूर्ण थंड होऊ द्या. बंद केल्यावर पिस्टन खाली बीडीसीला आणून ठेवा, फ्लायव्हीलवर मार्करने खूण करून ठेवली की सोपं जातं.

प्रश्न (उद्यमबाग, बेळगाव): सर, मामांचं मशीन शॉप आहे, लेथ, मिलिंग, ग्राइंडर सगळं आहे, क्रँकशाफ्टची कामं येतात आमच्याकडे. स्टॉक .२१ इंजिन आहे. स्लीव्हचे पोर्ट मोठे करून, क्रँक कापून घरीच मॉडिफाइड करता येईल का? बाहेरून मॉडिफाइड इंजिन मागवलं तर लई महाग पडतंय.

उत्तर: या प्रश्नाचं मला फार बरं वाटलं, कारण आपल्याकडे फौंड्री आणि मशीनिंगचा हात पिढ्यानपिढ्याचा आहे आणि उद्यमबाग, मच्छेतली माणसं मायक्रॉनमध्ये काम करतात, त्यामुळे हे जमणार नाही असं मी म्हणणार नाही. पण कुठून सुरू करायचं ते महत्त्वाचं आहे.

मॉडिफाइड म्हणजे नेमकं काय करतात ते आधी बघा. स्लीव्हमधला एक्झॉस्ट पोर्ट वर उचलला की तो लवकर उघडतो आणि उशिरा बंद होतो, ड्युरेशन (पोर्ट उघडा राहण्याचा काळ, क्रँकच्या डिग्रीत) वाढतं, आणि पॉवर वरच्या आरपीएमला सरकते. सरकते म्हणतोय मी, वाढते असं नाही, खालचं टॉर्क तेवढं जातं. आता हिशोब बघा, .२१ मध्ये क्रँकचा थ्रो आठ-साडेआठ मिलीमीटर, पोर्ट उघडायच्या वेळी पिस्टन एका डिग्रीला साधारण ०.१४ मिलीमीटर सरकतो, म्हणजे पोर्टची वरची कड नुसती ०.१ मिलीमीटर उचलली तरी उघडणं आणि बंद होणं दोन्ही धरून ड्युरेशन डिग्री-दीड डिग्रीने वाढतं. फाइलचा एक जास्तीचा हात आणि इंजिनचं सगळं वागणं बदललं. वरून ती कड क्रोमची आहे. पितळेवरचा पातळ थर, चुकीच्या दिशेने टूल चालवलं तर कडेला टवका उडतो, तो लगेच दिसत नाही, पिस्टनवर ओरखडे आल्यावर दिसतो, आणि मग पिस्टन-स्लीव्हचा सेटच बदलायला लागतो, तो इंजिनच्या अर्ध्या किमतीच्या आसपास जातो.

क्रँकचंही तसंच. आतली वाट गोलसर करून पॉलिश करणं, पोकळीत सिलिकॉन भरून हवेचा रस्ता नीट करणं, काउंटरवेटला धार काढणं, हे सगळं मोठे ट्यूनर करतात. पण ते किती वजन गेलं आणि कुठून गेलं हे मोजून करतात. हे इंजिन मिनिटाला तीस हजार फेऱ्यांच्या वर जातं, बॅलन्स बिघडला तर पहिला बळी मागच्या बेअरिंगचा.

म्हणून माझं म्हणणं असं, जिथून मागे येता येतं ती मॉडिफिकेशन आधी करा. पहिलं पाइप आणि मॅनिफोल्ड. मॅनिफोल्ड आखूड केलं की पॉवर वरच्या आरपीएमला जाते, लांब केलं की खालच्या आरपीएमला येते, आणि आवडलं नाही तर जुनं परत लावता येतं. दुसरं कार्बुरेटरमधला इन्सर्ट, म्हणजे हवेची वाट लहान-मोठी करणारी रिंग, बारीक लावला की खालून उचल चांगली आणि फ्युएल कमी लागतं, मोठा लावला की वरचा श्वास मोकळा. आपल्याकडची मैदानं छोटी, वळणं जास्त, तिथं बारीक इन्सर्टवाली गाडीच पुढे राहते, हे मी छातीठोकपणे सांगतो. तिसरं हेडखालचे शिम, म्हणजे पातळ चकत्या. नायट्रो जास्त तर कॉम्प्रेशन कमी, म्हणजे शिम जास्त, ०.१ मिलीमीटरने बदलत जा. इथं तुमचं मायक्रोमीटर कामाला येईल. सोल्डरच्या तारेचे दोन तुकडे पिस्टनच्या काठावर गजन-पिनच्या (पिस्टनला रॉडशी जोडणारी पिन) रेषेत दोन्ही बाजूला ठेवा, हेड आवळा, हळूच टीडीसी पार करा, चेपलेली जाडी मोजा. पिनच्या रेषेत कशाला, तर पिस्टन डुलून खोटं माप येऊ नये म्हणून. ०.५ मिलीमीटरच्या आसपास बरीच .२१ इंजिनं चालतात, तरी तुमच्या इंजिनच्या पुस्तकातला आकडा बघून मगच बदला.

आणि मामांना सांगून एक काम नक्की करून घ्या, डिग्री व्हील (क्रँकचा कोन मोजायची चकती) बनवा आणि आत्ताचं टायमिंग मोजून वहीत लिहून ठेवा. एखादं मेलेलं इंजिन शोधा, त्याच्या स्लीव्हवर पोर्टिंगचा हात बसवा. तो हात बसला की मग चालू इंजिन कापायचं की नाही ते तुम्हालाच कळेल, आणि तसा माणूस आपल्या भागात तयार झाला तर मला खरंच आनंद होईल, कारण आत्ता स्लीव्हच्या कामासाठी सगळ्यांची नजर बाहेरगावाकडे असते.

प्रश्न (वडगाव, बेळगाव): आम्ही मित्र चोर्ला घाटातून गोव्याला गाडी पळवायला नेतो. इथं एक नंबर ट्यून असते, खाली गेलं की गरम होते आणि सरळीवर धाप टाकते. दमट हवेमुळं काय?

उत्तर: दमटपणा थोडासाच, खरी गोष्ट उंचीची. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटरवर, तिथं हवेचा दाब किनाऱ्यापेक्षा आठ-नऊ टक्के कमी. घाट उतरलात की त्याच सिलिंडरमध्ये जास्त ऑक्सिजन जातो आणि फ्युएल मात्र तेवढंच, म्हणजे गाडी लीन झाली. खालची उष्ण, दमट हवा त्यातला थोडा भाग परत घेते, पण सगळा नाही. तर घाट उतरल्यावर पहिल्यांदा हाय नीडल घड्याळातले दोन-तीन तास, म्हणजे टर्नचे दोन-तीन बारावे भाग, रिच करूनच सुरू करा आणि मग धूर बघत परत आणा. वर आल्यावर उलटं, रिच वाटेल, त्यात इंजिनला धोका नाही, फक्त आळशी पळेल.

हेच आपल्या हिवाळ्यातही होतं. डिसेंबर-जानेवारीत पहाटेची हवा थंड आणि घट्ट, दुपारची पातळ. रविवारी दुपारी धारदार ट्यून करून ठेवलेली गाडी पुढच्या रविवारी सकाळी सातला तशीच सोडली तर ती लीन पळते. सकाळ म्हटलं की नीडल घड्याळातला एक तास रिच, एवढं लक्षात ठेवा.

तुमच्यातल्या एकाने खाली विचारलंय की १६ टक्क्याच्या जागी ३० टक्के नायट्रोवालं फ्युएल टाकलं तर तेच नीडल चालेल का. चालणार नाही. एक भाग पेट्रोल जळायला साधारण १४.७ भाग हवा लागते, मिथेनॉलला साडेसहाच्या आसपास, आणि नायट्रोमिथेनला १.७ च, कारण त्याच्या रेणूत ऑक्सिजन आधीच आहे. म्हणजे नायट्रो वाढलं की तेवढ्याच हवेत जास्त फ्युएल जातं, नीडल उघडावी लागते, शिम वाढवावा लागतो, प्लग थंड जातीचा लावावा लागतो. आणि तेलाचं प्रमाण काय आहे तेही डब्यावर वाचा, नायट्रोच्या आकड्याकडेच सगळे बघतात पण इंजिन जगवतं ते तेल.

प्रश्न (खानापूर): चार-पाच लिटर फ्युएलमध्येच पिंच गेला, गरम झालं की चालू होत नाही. इंजिन बोगस लागलं काय?

उत्तर: तुमच्याकडची तांबडी माती आत गेली. गरम असताना चालू न होणं म्हणजे पिंच गेल्याचीच खूण, आणि इतक्या लवकर जातो तो बहुतेक वेळा धुळीने. फिल्टर दोन थरांचा हवा, आतला फोम तेलाने ओला पण टपटपणारा नाही, मानेला झिप-टाय घट्ट. प्रत्येक वेळी पळवून आल्यावर फिल्टर काढून मानेच्या आतून पांढरं फडकं फिरवा, तांबडा डाग आला तर त्या दिवशी परत चालू करू नका. दोन-तीन फोम आधीच तेल लावून डब्यात तयार ठेवा. लेथवर स्लीव्ह दाबून पिंच परत आणून देतात, ते थोडे दिवस चालतं, पण फिल्टर तोच राहिला तर पैसे वाया.

प्रश्न (निपाणी): माझा मुलगा १५ वर्षांचा आहे, त्याला या गाड्यांचं फार वेड. फ्युएल घरातच ठेवतो, स्वयंपाकघराच्या कपाटात. वास येत असतो. मला भीती वाटते, बंद करायला सांगू का?

उत्तर: ताई, छंद बंद करू नका, पण डबा आजच स्वयंपाकघरातून हलवा. हे फ्युएल म्हणजे बहुतांश मिथेनॉल, विषारी दारूच्या बातम्यांत ज्याचं नाव येतं तेच. थोडंसं पोटात गेलं तरी डोळे जाऊ शकतात, जीव जाऊ शकतो. पाण्याच्या, कोल्ड्रिंकच्या बाटलीत कधीही ओतून ठेवू द्यायचं नाही, मूळ डब्यातच, कुलुपात, गॅस आणि देवाच्या दिव्यापासून लांब. तोंडाने ओढून टाकीत घालायची सवय काही मुलांना असते, ती ताबडतोब बंद. हातावर सांडलं तर साबणाने धुवायचं, कातडीतूनही आत जातं, म्हणून हातमोजे द्या.

चुकून पोटात गेलं तर लक्षणं दिसायला बारा-बारा तास किंवा त्याहून जास्त लागू शकतात, म्हणून मुलगा बरा दिसतोय म्हणून थांबू नका, उलटी करायला लावू नका, सरळ मोठ्या हॉस्पिटलला न्या, मिथेनॉल हा शब्द सांगा आणि डबा बरोबर न्या. लवकर पोचलं तर उपचार आहेत.

आगीचं अजून एक. मिथेनॉलची ज्योत उन्हात जवळजवळ दिसतच नाही. गाडीवर हवा थरथरताना दिसली, बॉडी आपोआप वितळायला लागली तर ती आग समजायची. मैदानावर भरपूर पाणी आणि पावडरचा एक्स्टिंग्विशर असावा. बंद खोलीत किंवा जिन्याखाली इंजिन चालू करायचं नाही. गाडी दुसऱ्याने हातात धरलेली असताना थ्रॉटल द्यायचा नाही. आणि बसने, रेल्वेने हे फ्युएल न्यायचं नाही. एवढं सगळं तो पाळत असेल तर त्याच्याबरोबर एकदा मैदानावर जाऊन या, तो काय करतो ते तुम्हालाही बघायला आवडेल.

प्रश्न (कंग्राळी): पावसाळ्यात तीन-चार महिने गाडी बंद असते, दसऱ्याला काढली की बेअरिंग खरखर करतंय. काय करू?

उत्तर: मिथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि आपला पाऊस तर तुम्हाला सांगायला नको. शेवटच्या दिवशी टाकी रिकामी करा, ट्यूबमधलं फ्युएल जळून इंजिन आपोआप बंद पडू द्या, प्लग काढून आफ्टर-रन ऑइल घाला, कार्बुरेटरमधूनही थोडं, फ्लायव्हील हाताने फिरवा, पिस्टन बीडीसीला, आणि हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा. महिन्यातून एकदा फिरवत जा. उघडलेला अर्धा डबा फ्युएल दसऱ्याला वापरू नका.

प्रश्न (चिकोडी): दर एक-दोन टाक्यांना ग्लो प्लग जातोय. स्वस्तातला घेतो म्हणून काय?

उत्तर: स्वस्त प्लग लवकर जातो हे खरं, पण एक-दोन टाक्या म्हणजे कारण दुसरीकडे आहे. रे आर्डेन या अमेरिकन माणसाने १९४७ मध्ये ग्लो प्लग बाजारात आणला, तेव्हापासून तत्त्व तेच आहे, प्लॅटिनमच्या कॉइलवर मिथेनॉलची रिॲक्शन होते आणि बॅटरी काढली तरी ती तापलेली राहते. त्यामुळे आतमध्ये काय चाललंय हे कॉइलच सांगते. काढलेला प्लग भिंगाखाली धरा. तार चमकदार आणि ओली असेल तर रिच. करडी, खडबडीत झाली असेल तर लीन. तार वाकडी होऊन आत चेपली असेल तर कॉम्प्रेशन जास्त आहे किंवा प्लग जास्त गरम जातीचा आहे, ०.१ चा एक शिम वाढवा किंवा एक नंबर थंड प्लग लावून बघा. चालू करताना प्लग तापवणारा इग्नायटर १.२ ते १.५ व्होल्टचाच आहे ना तेही तपासा. आणि तारेवर बारीक चमकणारे कण चिकटलेले दिसले तर नवा प्लग लावू नका, इंजिन उघडा, ते पिस्टनचे किंवा मागच्या बेअरिंगचे तुकडे आहेत. पुढच्या वेळी लिहाल तेव्हा जळालेल्या प्लगचा फोटो पाठवा, कॉइल स्पष्ट दिसेल इतका जवळून.